वादळाचं विसण

बेळगावातून नाकासमोर पश्चिमेला चालत सुटलं तर माणूस वेंगुर्ल्याला पोचतो. दोन्ही गावं जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत आणि सरळ रेघ मारली तर मधलं अंतर शंभर किलोमीटरही भरत नाही. पण मधे सह्याद्री आडवा आहे, म्हणून आपण स्वतःला घाटावरचे म्हणवतो. समुद्र म्हणजे मे महिन्यात पोरांना घेऊन जायची जागा, नाहीतर कॅम्पातल्या बाजारात बर्फावर मांडलेले बांगडे, एवढ्यावर विषय मिटतो. खानापूर तालुक्याच्या पश्चिम अंगाला ज्यांची घरं आहेत त्यांना मात्र तो असा मिटवता येत नाही. कणकुंबी, जांबोटी, हेमाडगा, लोंढा या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जे काही कोसळतं ते अरबी समुद्रातून उचललेलं असतं. मलप्रभा तिथंच कणकुंबीला उगम पावते आणि ज्या समुद्रानं पाणी दिलं त्याच्याकडे पाठ फिरवून पूर्वेला निघते, कृष्णेला मिळते, शेवटी बंगालच्या उपसागरात जाते. एका समुद्रातून काढायचं आणि दुसऱ्यात भरायचं, असा हा आमच्या जिल्ह्याचा पाण्याचा व्यवहार. या भरण्याकडे पुढं परत यायचं आहे.

सीमाभागात राहण्याची एक गंमत वादळाच्या दिवसांत कळते. घरात मराठी वाहिनी लागते आणि कन्नडही. मुंबईच्या वाहिन्यांचा किनारा सिंधुदुर्गापाशी संपतो. बंगळुरूच्या वाहिन्यांचा कारवारला सुरू होऊन मंगळूरकडे जातो. बेळगाव दोघांच्याही नकाशात कडेला, बहुतेक वेळा बातमीच्या पट्टीखाली झाकलेलं. आणि दोन्हीकडे दाखवतात ते एकच: वरून टिपलेलं ढगांचं चक्र, त्याच्या पुढं लाल बाण, आणि रेनकोट घालून किनाऱ्यावर ओरडणारा एक बिचारा वार्ताहर. वादळाखालच्या पाण्याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. मला हे खटकतं, कारण वादळ किती माजणार याचा बराचसा निकाल त्या पाण्यातच लागलेला असतो.

२०२१ च्या मे महिन्यात तौक्ते आलं तेव्हा टाळेबंदी होती आणि आम्ही गावच्या घरी होतो. घराचं तोंड पूर्वेला, मागं परडं, दक्षिणेच्या अंगाला गोठा. शनिवारी संध्याकाळी वारा सोप्यावर आला, म्हणजे आग्नेयेकडून. अंगणात वाळत घातलेल्या शेणी घाईघाईनं आत घ्याव्या लागल्या. रविवारी दिवसभर तो गोठ्याच्या बाजूनं येत होता आणि पत्रे धडधडत होते. वीज केव्हाच गेलेली. सोमवारी उठून बघतो तर पाऊस परड्याकडून, मागच्या दाराच्या फटीतून थेट चुलीपर्यंत. तात्या, माझे थोरले चुलते, सोप्यात घोंगडं पांघरून बसले होते. म्हणाले, "वारा घराला प्रदक्षिणा घालायलाय की रे!"

तात्यांचं म्हणणं शब्दशः खरं होतं. वादळाचं केंद्र त्या दिवसांत गोव्यासमोरच्या समुद्रातून उत्तरेला सरकत होतं. उत्तर गोलार्धात चक्रीवादळाचे वारे घड्याळाच्या उलट फिरतात. केंद्र आमच्या नैऋत्येला होतं तेव्हा वारा आग्नेयेचा, ते पश्चिमेला आलं तेव्हा दक्षिणेचा, वायव्येला गेलं तेव्हा नैऋत्येचा. गंमत अशी की वादळ स्वतः घड्याळाच्या उलट फिरत होतं, पण आमच्या अंगणात उभं राहून बघणाऱ्याला वारा घड्याळाच्या दिशेनं वळताना दिसत होता. वादळाच्या वाटेच्या उजव्या हाताला जो कुणी असेल त्याला असंच दिसतं. डाव्या हाताला, भर समुद्रात, एखादं जहाज असेल तर त्याला वारा उलटीकडून वळताना दिसला असणार.

ही उजवी-डावी बाजू समुद्राला फार महत्त्वाची असते. पाण्याला एकदा जोराचा धक्का देऊन सोडून दिलं तर ते सरळ जात नाही. पृथ्वीच्या फिरण्यामुळे ते उजवीकडे वळत वळत घेर घेतं. एक घेर पुरा व्हायला किती वेळ लागतो ते अक्षांशावर ठरतं. बेळगाव-वेंगुर्ल्याच्या रेघेवर तो येतो सुमारे ४४ तास. वादळाच्या उजव्या अंगाला वाराही त्याच दिशेनं वळत असतो, त्यामुळे प्रवाह वळला की वाराही वळतो आणि त्याला ढकलतच राहतो. डाव्या अंगाला दोघांच्या दिशा फटकतात, आधीच्या वाऱ्यानं दिलेला जोर पुढचा वारा काढून घेतो. म्हणून समुद्र सर्वांत जास्त ढवळला जातो तो वाटेच्या उजव्या बाजूला. अमेरिकेचे समुद्रशास्त्रज्ञ जेम्स प्राइस यांनी १९८१ मध्ये हे गणितानं मांडून दाखवलं. पुढं उपग्रहांना ढगांतूनही समुद्राचं तापमान मोजता यायला लागलं, तेव्हा वादळामागून वादळात हेच चित्र दिसलं: मागं राहिलेला थंड पाण्याचा लांबलचक पट्टा, आणि तो वाटेच्या उजवीकडे कललेला.

हे थंड पाणी येतं कुठून? उन्हाळ्याच्या शेवटी अरबी समुद्राचं वरचं पाणी ३० अंशांच्या घरात असतं, कधी त्याच्याही वर. हा गरम थर फार जाड नसतो. वीस, तीस, चाळीस मीटर, जागेप्रमाणे कमीजास्त. वारा आणि लाटा त्याला सतत हलवत असतात, त्यामुळे तेवढ्या थरात तापमान जवळजवळ सारखंच. त्याच्या खाली मात्र उतार लागतो, आणि दीडशे मीटरच्या आसपास पाणी विशीवर आलेलं असतं. गरम पाणी हलकं, थंड पाणी जड, त्यामुळे दोघं आपापल्या जागी असतात. कुणी ढवळलं नाही तोवर.

गावाकडे आमच्या न्हाणीत अजून चुलीवर तांब्याचा हंडा तापतो. बादलीत कढत पाणी ओतायचं आणि अंगाला सोसेल इतपत विसण, म्हणजे गार पाणी, घालायचं. चक्रीवादळ समुद्राशी हेच करतं. फरक एवढाच की इथं विसण तळातून वर येतं, आणि ते घालणाऱ्यालाच खरं तर कढत पाणी हवं असतं.

वादळ जगतं ते वाफेवर. फिनलंडचे एरिक पाल्मेन यांनी १९४८ मध्ये दाखवून दिलं की समुद्र साधारण २६-२७ अंशांहून थंड असेल तिथं चक्रीवादळं तयार होत नाहीत. १९८६ मध्ये एमआयटीच्या केरी इमॅन्युएल यांनी वादळाला उष्णतेवर चालणारं इंजिन धरून हिशोब मांडला. इंजिनाचं एक टोक तिशीच्या समुद्रात, दुसरं पंधरा-सोळा किलोमीटर उंचीवर, उणे ७० अंशांच्या हवेत. एक किलो पाण्याची वाफ व्हायला सुमारे २४ लाख जूल उष्णता लागते. ती समुद्र देतो. वर जाऊन वाफेचे ढग झाले की तीच उष्णता हवेत मोकळी होते, हवा आणखी उठते, खालचा दाब आणखी घटतो, वारा आणखी जोरानं धावून येतो आणि आणखी वाफ उचलतो. समुद्राकडे साठाही दांडगा: वरचं अडीच-तीन मीटर पाणी घेतलं तरी त्याची उष्णता साठवण्याची ताकद साऱ्या वातावरणाएवढी भरते. असं सगळं असेल तर वादळाला आवर कोण घालणार, असा प्रश्न पडतो. घालतो तो वाराच. वाफ उचलायला तोच लागतो आणि खालचं थंड पाणी वर आणणाराही तोच. वादळामागं समुद्र थंड पडतो त्यातला मोठा वाटा वादळानं खाल्लेल्या उष्णतेचा नसतोच. तो ढवळण्याचा असतो.

हे प्रत्यक्ष मोजायला जिगर लागते. १९६४ च्या ऑक्टोबरात हिल्डा नावाचं हरिकेन, म्हणजे तिकडचं चक्रीवादळ, मेक्सिकोच्या आखातातून गेलं. डेल लायपर नावाचे शास्त्रज्ञ त्याच्या मागोमाग जहाज घेऊन निघाले आणि वादळाच्या वाटेवरच्या पाण्यात तापमापक सोडत गेले. पाणी पाच अंशांहून जास्त उतरलेलं निघालं. शिवाय मधोमध आणखी एक प्रकार होता. वादळाचा गोल फिरणारा वारा वरचं पाणी केंद्रापासून बाहेर लोटतो, आणि रिकामी झालेली जागा भरायला खालचं थंड पाणी वर चढतं. वादळ संथ असेल तर ढवळण्याच्या जोडीला हे चढणंही येतं.

त्यावरून वादळाचं चालणं किती महत्त्वाचं ते कळतं. झपाझप जाणारं वादळ आपणच थंड केलेलं पाणी मागं टाकून पुढच्या ताज्या, गरम पाण्यावर जातं. रेंगाळणारं वादळ आपल्याच थंड पाण्यावर बसून राहतं आणि खंगतं. मागून येणाऱ्यालाही त्याचा प्रसाद मिळतो. १९९८ च्या ऑगस्टात अटलांटिकमध्ये बॉनी नावाचं हरिकेन गेलं, आणि त्याच्या मागून आलेलं डॅनियल बॉनीच्या थंड पट्ट्यावरून जाताना ढिलं पडलं. त्याच सुमारास नवा सोडलेला एक उपग्रह हे वरून बघत होता. थंड पट्टा वरवर आठवड्या-दोन आठवड्यांत उन्हानं पुसला जातो, पण पृष्ठभागाखाली त्याची खूण कितीतरी जास्त काळ राहते. ढवळताना वरची ऊबही खाली गेलेली असते. वर ऊन पाणी पुन्हा तापवतं, आणि खाली गेलेली उष्णता खालीच उरते. जगभरची वादळं वर्षानुवर्षं अशी उष्णता समुद्रात खोल कोंबत असतात का, आणि त्याचा समुद्राच्या मोठ्या प्रवाहांशी संबंध आहे का, हा वाद इमॅन्युएल यांनीच २००१ मध्ये सुरू करून दिला.

मग वरचं पाणी गरम आहे एवढ्यानं काय कळतं? फारच थोडं. गरम थर किती खोल आहे हा खरा सवाल. पातळ थर असेल तर ढवळलं की लगेच थंड पाणी हाती लागतं. जाड थर असेल तर वादळानं कितीही घुसळलं तरी वर येतं ते गरमच. २००५ च्या ऑगस्टात कतरिना मेक्सिकोच्या आखातात आलं तेव्हा वरचं पाणी बहुतेक सगळीकडे सारखंच गरम दिसत होतं. पण कॅरिबियनमधून येणारा एक खोल, उबदार प्रवाह तिथं आत शिरलेला होता. कतरिना त्याच्यावरून गेलं आणि २८ ऑगस्टला सर्वांत वरच्या, पाचव्या श्रेणीला पोचलं. पृष्ठभागाच्या नकाशात त्या प्रवाहाचा मागमूस नव्हता. उंची मोजणाऱ्या उपग्रहाला मात्र तो सापडत होता, कारण खोलवर गरम पाणी असेल तिथं समुद्र किंचित फुगून वर आलेला असतो.

आपल्याकडे हा हिशोब हैदराबादची इन्कॉइस ही समुद्राची माहिती देणारी सरकारी संस्था करते. २६ अंशांच्या वरची जेवढी उष्णता पाण्याच्या उभ्या थरात साठलेली आहे ती मोजायची आणि नकाशावर रंगानं दाखवायची. दर चौरस सेंटिमीटरला ५० किलोजूलच्या वर आकडा गेला की वादळाला पोषण भरपूर असं धरतात. मे महिन्यात रोज संध्याकाळी हा नकाशा उघडून बसायची मला खोड लागली आहे. वळीव येणार का, आंबा टिकणार का, याच्याशी त्या नकाशाचा थेट संबंध नसतो हे मला ठाऊक आहे. तात्यांना तर माझी कीवच येते. "ढग वर हाईत, आणि तू पाण्यात काय बघालायस?" त्यांचा भरवसा रोहिणीवर आणि मुंग्यांवर. मुंग्यांची मी टिंगल करत नाही, पण मुंग्यांना लक्षद्वीपजवळचं पाणी किती खोलवर तापलंय ते कळतं यावर माझा विश्वास नाही.

आता तो भरणा. मलप्रभा, घटप्रभा, मार्कंडेय, हिरण्यकेशी, वेदगंगा, दूधगंगा: आमच्या भागातली ही सगळी नावं शेवटी कृष्णेत आणि कृष्णेबरोबर बंगालच्या उपसागरात जातात. गोदावरी, महानदी, आणि सगळ्यांवर कडी म्हणजे गंगा-ब्रह्मपुत्रा, या सगळ्यांचं गोडं पाणी तिथं पडतं, वर पाऊसही भरपूर. गोडं पाणी खाऱ्यापेक्षा हलकं, ते वर तरंगत राहतं. पावसाळा संपताना उपसागराच्या उत्तर भागात वर असा कमी खारा, हलका पापुद्रा असतो आणि त्याच्या खाली जास्त खारं पण अजून गरमच असलेलं पाणी. वारा ढवळायला लागला तर हा हलका पापुद्रा सहजी खाली मिसळत नाही. जेवढं मिसळतं तेवढंही गरम पाण्याशीच. थंड पाणी त्या मधल्या थराच्याही खाली राहतं आणि वादळाचा हात तिथवर पोचत नाही. विसणच गरम, म्हटल्यावर वादळाला आवर कसला! ओडिशाचं १९९९ चं महाचक्रीवादळ ऑक्टोबरच्या शेवटी आलं होतं. त्याला कारणं अनेक होती, पण त्या दिवसांत उपसागर वादळाच्या बाजूनं असतो हे खरं. आमच्या कणकुंबीच्या पावसाचा त्यात वाटा चिमूटभरच, पण आहे.

अरबी समुद्र वेगळ्या स्वभावाचा. तिथं नद्या थोड्या, बाष्पीभवन जबर, पाणी खारट. तिथं वादळाला आपल्या ढवळण्याची किंमत जास्त मोजावी लागते. अपवाद आहे तो केरळ-लक्षद्वीपकडच्या आग्नेय कोपऱ्याचा. हिवाळ्यात बंगालच्या उपसागरातलं कमी खारं पाणी श्रीलंकेला वळसा घालून तिथं येतं आणि पसरतं, समुद्र स्थिर होतो, आणि मार्च ते मे तो कोपरा तापत राहतो. मे अखेरीस जगातल्या सर्वांत उबदार समुद्रांत त्याची गणना होते. तौक्ते १४ मेच्या सुमारास याच भागात आकाराला आलं, आमच्यासमोरून जाताना वाढत गेलं आणि १७ तारखेच्या रात्री गुजरातला उन्याजवळ आदळलं तेव्हा वाऱ्याचा वेग ताशी १६० किलोमीटरच्या आसपास होता. मुंबईसमोर पी-३०५ हा बार्ज त्याच दिवशी बुडाला. आमच्याकडे फक्त झाडं पडली, काजू झडला आणि वीज काही दिवस गेली, म्हणून आम्ही सुटलो असं म्हणायचं.

भर पावसाळ्यात इथं चक्रीवादळं का होत नाहीत, हे मला शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. मुख्य कारण वाऱ्यांचं: खाली नैऋत्येचा जोरदार वारा आणि वर उलट्या दिशेचा, त्यामुळे वादळ उभं राहायच्या आत त्याचं धड आणि डोकं वेगळं होतं. पण जोडीला पाणीही आहे. सोमालियाच्या किनाऱ्यावरून येणारा मोसमी वारा जूनपासून अरबी समुद्राला ढवळतो, वाफ उचलतो आणि आफ्रिकेच्या बाजूला थंड पाणी वर काढतो. मेमध्ये तिशीवर असलेला मध्य अरबी समुद्र ऑगस्टपर्यंत दोन-तीन अंशांनी उतरतो. उत्तर गोलार्धाच्या ऐन उन्हाळ्यात थंड होणारे समुद्र जगात थोडेच. म्हणजे चक्रीवादळ जे तीन दिवसांत एका पट्ट्यावर करतं तेच मॉन्सून तीन महिन्यांत अख्ख्या समुद्रावर करतो, आणि या दोघांनाही तेच तापलेलं पाणी हवं असतं.

या स्पर्धेत आमचा शेतकरी भरडला जातो. खानापूर, चंदगड, बेळगावच्या पश्चिम बाजूला भाताची धूळवाफ पेरणी असते: जमीन कोरडी असतानाच, मेअखेर किंवा जूनच्या तोंडाला, बी मातीत टाकायचं आणि मृगाकडे बघत बसायचं. वेळेवर पाऊस आला तर पीक पुढं धावतं. नाही आला तर बी किडे-पाखरांच्या पोटात. २०२३ मध्ये हे बघितलं. ६ जूनला अरबी समुद्रात बिपरजॉय तयार झालं आणि मॉन्सून केरळात ८ जूनला आला, आठवडाभर उशिरा. वादळ आसपासची वाफ आपल्याकडे ओढत होतं आणि इकडं आभाळ नुसतं वारा घालत होतं. ते १५ जूनला कच्छमध्ये जखाऊजवळ किनाऱ्याला लागलं. इतके दिवस एवढ्या संथ चालीनं समुद्रात राहिलेलं वादळ आपल्या विसणानंच गारठायला हवं होतं. ते टिकलं, म्हणजे खाली ऊब खोल होती. त्या जूनमध्ये राकसकोपच्या धरणाचा तळ दिसायला लागला आणि बेळगावात नळाला पाणी किती दिवसांनी येणार यावर चर्चा सुरू झाल्या. चहाच्या टपरीवर सगळे महापालिकेला शिव्या घालत होते. मी गप्प बसलो. बिपरजॉयखालच्या पाण्याची जाडी काढली असती तर लोकांनी मला उठवूनच दिलं असतं.

"आपल्या बाजूला वादळं येत नाहीत, ती ओडिशा-आंध्रची" हे वाक्य आमच्या पिढीनं मोठ्यांकडून ऐकलेलं. आता ते टिकत नाही. २००७ चं गोनू, २००९ चं फयान, २०१७ चं ओखी, २०१९ मध्ये ऐन दिवाळीत महाचक्रीवादळ झालेलं क्यार, २०२० चं निसर्ग. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान-संशोधन संस्थेच्या शास्त्रज्ञांनी १९८२ ते २०१९ ची वादळं तपासून २०२१ मध्ये सांगितलं की अलीकडच्या दोन दशकांत अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या आधीच्या तुलनेत ५२ टक्क्यांनी वाढली आहे. बंगालच्या उपसागरातली थोडी घटली. अरबी समुद्र तापतोय हे तर आहेच, पण तो किती खोलवर तापतोय हे जास्त काळजीचं. वरचा पापुद्रा गरम झाला तर वादळ आपलं आपण त्यावर विसण घालतं. तळाची ऊब वाढली तर त्याला घालायला काही उरत नाही.

वाऱ्याबद्दल एक छोटी गोष्ट सांगून टाकतो, कारण ती मला फार आवडते. वारा जितका जोराचा तितका समुद्र खडबडीत आणि तितका वाऱ्याला अडवणारा, असं सगळे धरून चालत होते. २००३ मध्ये विमानातून वादळात सोडलेल्या उपकरणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निघालं की ताशी सव्वाशे किलोमीटरच्या आसपास हे वाढणं थांबतं. त्यापुढं लाटांचे माथे वारा छाटून नेतो, वर फेस आणि तुषारांचा एक थर पसरतो, आणि वारा त्याच्यावरून जवळजवळ घसरत जातो. हवा कुठं संपते आणि पाणी कुठं सुरू होतं हेच तिथं नीट सांगता येत नाही.

वेंगुर्ल्याला माझा आतेभाऊ ट्रॉलरच्या धंद्यात आहे. हे सगळं त्याला सांगितलं तर तो म्हणतो, ह्यात नवीन काय? "वादळ गेल्यार पाणी वायच थंड लागता, आणि जाळ्याक मासो वेगळोच मिळता." त्याचंही बरोबर आहे. खालून वर आलेलं पाणी नुसतं थंड नसतं, त्यात नायट्रेटसारखी खतं असतात. वर उजेड असतोच. आठवडाभरात वनस्पतीप्लवकांची, म्हणजे पाण्यात तरंगणाऱ्या सूक्ष्म वनस्पतींची, पैदास होते आणि वादळाच्या वाटेवर हिरवी झाक उपग्रहातून दिसते. मासे त्यामागं येतात. अर्थात वादळानंतर लगेच बोटी सोडता येत नाहीत, आणि १ जूनपासून मासेमारी बंद, त्यामुळे मेमधल्या वादळाचा हा फायदा बहुधा माशांनाच होतो. बेळगावच्या बाजारात त्या दिवसांत बांगड्याचे भाव विचारायची सोय नसते.

राहिला तात्यांचा एक प्रश्न, जो मला खरंच चांगला वाटला: खालचं मोजतंय कोण? साधारण २००० सालापासून जगभरच्या समुद्रांत आर्गो नावाची पुरुषभर उंचीची नळकांडी सोडलेली आहेत, सध्या चार हजारांच्या आसपास. प्रत्येक नळकांडं एक किलोमीटर खोलीवर तरंगत राहतं, दर दहा दिवसांनी दोन किलोमीटर खाली जाऊन तापमान आणि खारेपणा मोजत वर येतं, उपग्रहाला आकडे सांगतं आणि पुन्हा बुडी मारतं. वादळाच्या वाटेत एखादं सापडलं तर नशीब. पण आर्गो हे खोल समुद्राचं काम. कोकण-गोव्यासमोर किनाऱ्यापासून बरंच अंतर समुद्र उथळ आहे, तिथं हे नळकांडं चालत नाही. म्हणजे घाटावर वारा पाठवणाऱ्या वादळांची जी अगदी शेवटची, किनाऱ्यालगतची वाट, तीच कमी मोजलेली. तिथं भिस्त चेन्नईच्या एनआयओटी या समुद्र-तंत्रज्ञान संस्थेनं नांगरून ठेवलेल्या बोयांवर, म्हणजे तरंगत्या मोजयंत्रांवर, आणि बोयांची मोडतोड ही त्या लोकांची कायमची डोकेदुखी. बोटी येऊन त्यांना बांधतात, जाळी अडकतात, तारा तुटतात. बंदराबंदरांत सभा घेऊन ते सांगतात की बाबांनो, हे तुमच्याच जिवासाठी आहे. आतेभावाला विचारलं, असं का करता रे? तो हसत म्हणाला, "बोयाखाली मासो जमता. मगे लोक थंयच जातले मां?"